बिनबियांचा संत्रा

आपल्या बागेतला संत्रा गोड आहे, एवढ्यावर रामाकोना गावच्या भैय्याजींचं समाधान होत नव्हतं. बिया थुंकाव्या लागतात, हा त्यांना देवाचा आळशीपणा वाटे. म्हणून ब्याऐंशीच्या हिवाळ्यात नागपूरला वनस्पतिशास्त्र शिकणारी पुतणी अनुराधा प्रयोगशाळेत गॅमा किरणांखालून काढलेल्या संत्र्याच्या काड्या घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिला चहाही घेऊ दिला नाही.

"झाड कसं व्हायचं याचा मजकूर पेशीत लिहिलेला असतो, काका. किरणांनी तो जागोजाग तुटतो. त्यात काही बदललं तर बिया कमी येतीलही. नक्की नाही हं."

शेवटचं वाक्य भैय्याजींनी ऐकलंच नाही. कलमाच्या खुंटासाठी लावलेल्या जंबेरी लिंबाच्या रोपांवर त्यांनी त्या काड्यांवरचे डोळे स्वतः बांधले आणि सौंसरच्या बाजारात बिनबियांचा संत्रा जाहीर करून आले.

जास्त किरण खाल्लेले डोळे काळे पडले. एक तेवढा हिरवा राहिला, पण फुटेना. शेजारचा तुळशीराम कुंपणाशी येऊन विचारी, "काय भैय्याजी, जावई उठले का?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत अनुराधा आली. डोळा निरखून म्हणाली, "तुटलेलं ध्यानात आलं की पेशी आधी वाढ थांबवते. एकीच्या दोन व्हायच्या तर मजकूर नीट पाहिजे ना. म्हणून दुरुस्ती करून राहिली असेल."

"अन् नाही झाली दुरुस्त तं?"

"मग मरते. ते काळे पडले, तसे."

"म्हणजे मले पाहिजे थोच बिघाड हे सुधरवून राहिली?"

"बहुतेक."

भैय्याजी रोपाजवळ उकिडवे बसले. "अवो पेशीबाई, आपल्या रस्त्यातले खड्डे दहा वर्सं कोणाले दिसत नाही, अन् तुले एवढीशी चीर दिसते? एवढी इमानदारी कायले?"

दुरुस्ती मोडावी म्हणून त्यांनी रोपावरची सावली काढून टाकली. ते बाजाराला गेले की वच्छलाबाई त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकत आणि पाणी घालत. नवऱ्याचं विज्ञान त्यांना पटलं नव्हतं. रोप मात्र तहानलेलं दिसत होतं. पावसाळ्यात डोळा फुटला आणि झाड भराभर वाढलं.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात पहिली फळं पिकली. अनुराधा नको नको म्हणत असताना भैय्याजींनी बाजारातली मंडळी जेवायला बोलावली. फोडी वाटल्या. थोडा वेळ नुसतं चघळणं चाललं. मग तुळशीरामानं एक बी हातावर काढली, शेजारच्यानं दोन, आणि अंगणात थू थू सुरू झालं.

"सगळं जसंच्या तसं केलं का गं त्यानं?" भैय्याजींनी पुतणीला हळूच विचारलं.

"हो, काका. तुटलं होतं हे ओळखूही येत नाही." तिचा चेहरा मात्र खुलला होता.

भैय्याजींनी फोड गिळली, बियांसकट, आणि उभे राहिले. "मंडळी, या झाडानं किरण खाल्ले. सोबतचे मेले. यानं सोताच सोताले नीट केलं, अन् बी धरलीच. हाये कोणाच्या बागेत असा संत्रा?"

कोणाकडेच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीराम कलमासाठी काडी मागायला आला. भैय्याजींनी बरेच आढेवेढे घेऊन एक दिली. असलीच झाडं त्याच्या बागेत भरपूर आहेत, हे वच्छलाबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तुळशीराम एवढ्या जपून ती काडी ओल्या फडक्यात गुंडाळत होता, की त्या चहा टाकायला आत गेल्या.