नितळ तेल

रत्नदीपने हायड्रॉलिक प्रेसच्या सिलिंडरच्या डोक्यावरचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. फुस्स करून तेलाचा पांढरा फेस मेघनाच्या हातातल्या फडक्यावर आला.

“आता प्रेस सावकाश खाली-वर कर. फेस जाऊन नितळ तेल आलं की समजायचं, आतली हवा निघाली. मग आवळायचं.”

डोंबिवली एमआयडीसीतल्या या शेडमध्ये बारा वर्षं हे काम एकटा रत्नदीप करायचा, आणि मुद्दाम अर्धवट करायचा. थोडी हवा आत ठेवूनच स्क्रू आवळायचा. महिन्याभरात प्रेस पुन्हा झटके देई आणि त्याच्या नावाने हाका सुरू होत. नोकरी टिकवायची ही युक्ती इतकी छान लागू पडली, की आता त्याला सुटताच येईना. खडवलीला आई पाय मोडून अंथरुणावर होती, जवळ कोणी नव्हतं. तिथल्या राइस मिलमध्ये कामही ठरलं होतं, फक्त इथून सोडल्याचं पत्र हवं होतं. मालक अनिमेष सर दरवेळी म्हणत, “आधी कोणाला तरी तयार करा.”

म्हणून तीन महिन्यांपूर्वी मेघना आली. आज तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. नोकरी पक्की झाली, असं तिने काल कळव्याला घरी सांगूनही टाकलं होतं.

आज रत्नदीपने शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत स्क्रू आवळू दिला नाही. प्रेस लोण्यासारखी खाली आली. अनिमेष सरांनी स्वतः दोनदा चालवून पाहिली.

“मस्त. आता किती दिवस बघायला नको?”

“दोन वर्षं तरी,” रत्नदीप ऐटीत बोलून गेला.

“मग काका, तुम्ही खुशाल जा. लेटर आजच देतो.” सर मेघनाकडे वळले. “तुलाही अडकवून ठेवत नाही. लागलंच तर बाहेरून माणूस बोलवू.”

मेघना तेलकट फडक्याची घडी घालत राहिली. रत्नदीपला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“सर, मी जरा जास्तच बोललो. जुनी प्रेस आहे. महिन्याभरात परत हवा धरेल. हाताशी माणूस लागेलच.”

“नक्की?”

“बारा वर्षं बघतोय ना.”

सरांनी क्षणभर विचार केला. “ठीक आहे, मेघना राहील. पण मग तुम्हीही महिनाभर थांबा. हवा धरली की तिने तुमच्यासमोर एकटीने काढून दाखवावी, मग तुमचं लेटर.”

सर केबिनकडे गेले. मेघना हळूच जवळ आली.

“काका, हवा तर सगळी निघालीय ना? मग महिन्याभरात परत कशी धरेल?”

“निघालीय,” रत्नदीप म्हणाला, आणि आईला काय सांगायचं ते ठरवायच्या आधीच त्याने खडवलीला फोन लावला.