कोष काळा पडला तेव्हा

शेरवडाच्या रानझुडपाची एक फांदी. चण्याएवढं भिंग. जहाजावर पंधरवड्यातून एकदा मिळणारी दहा मिनिटांची रेंज.

गणपतीवर टांगलेल्या रानफुला-फळांच्या माटवीला मथुराने ती फांदी बांधली, तेव्हा तिच्यावर सुरवंट होता. त्याने तिथेच कोष केला. विसर्जन होऊन चार दिवस झाले तरी मथुरा माटवी उतरवू देईना.

"माझो झील येयसर ठेवतलंस की काय गो?" सासूने जहाजावरच्या मुलावरून टोमणा मारला.

"एक दिस रवा, आई. कोष काळो पडलो हा, उद्या फुलपाखरू भायर येतला."

भिंग मोबाईलला चिमटलेलं, मोबाईल डब्यांच्या चळतीवर टेकवलेला. बोट लागलं तरी चित्र हलायचं. घरातलं एवढं तरी जहाजावरच्या नवऱ्याला, शिवाला, दाखवायचं तिने मनाशी धरलं होतं.

सकाळी कोष उलला आणि तेवढ्यात मोबाईल वाजला. शिवाच होता. फोन घ्यायचा तर फोटो जाणार होता.

तिने घेतला.

"बोला नको हां. भायर येता हा. पंख ओले आसत, चुरगळलेले..."

तो दहा मिनिटं नुसता ऐकत राहिला.

कुडाळ स्टेशनावर तो निघताना तिने काढलेला फोटो हललेला आला होता, आणि त्या नादात त्याच्याशी बोलायचंही राहून गेलं होतं.