आठावरचा काटा

आमच्या ह्यांना काटा दिसला की माणूस दिसत नाही. मग तो वजनाचा असो नाहीतर रेडिओचा.

माझा धाकटा भाऊ, भुंग्या, बेटावरच्या दीपगृहात एकटाच नोकरीला आहे. तिथे मोबाइलला रेंज नाही आणि कचेरीचा सेट दुरुस्तीला गेलाय. उरतो त्याचा हौशी रेडिओ आणि आमच्या घरातला. जाण्याआधी आमच्या गच्चीवर टाकीपासून जिन्याच्या छपरापर्यंत अँटेनाची लांब तार त्यानेच ताणून दिली होती.

परवा ह्यांनी उभ्या नळीचा नवा अँटेना केला आणि लगेच परीक्षा घेतली. भुंग्या बोलत होता आणि हे दोन्ही अँटेनांमधला खटका इकडून तिकडे करत होते. येणाऱ्या लहरींचा जोर दाखवणारा काटा तारेवर पाचावर, नळीवर आठावर.

"बघ! मेव्हणा पाच, मी आठ!"

"अहो, खरखर केवढी आहे! आणि तो तापाचं सांगतोय, ते ऐका."

भुंग्या म्हणत होता, ताप उतरला नाही तर उद्या सांगतो, बंदरावर फोन करून होडी पाठवा. ह्यांचं लक्ष काट्यावर.

काल सकाळी ह्यांनी तार उतरवली, पक्कडीने मधोमध तोडली आणि कपडे वाळत घालायला दोन ठिकाणी बांधली. संध्याकाळी रेडिओत नुसती खरखर. मधेच भुंग्याचा एखादा तुटका शब्द.

"काय म्हणतोय तो?"

"बरा आहे म्हणतोय. काटा बघ ना, आठावर आहे!" आणि माइक दाबून हे ओरडले, "ठीक आहे, ठीक आहे! आराम कर!"

मला ते खरं हवं होतं, म्हणून मी मान डोलावली.

आज मला चैन पडेना. त्याच्या वेळेआधीच सेट लावला. काटा आठावर.

"अहो, तो अजून बोलायला लागलेलाच नाही. मग हा आठ कोणाचा?"

ह्यांचा चेहरा उतरला. त्यांनी घरातला मेन स्विच पाडला, सेट बॅटरीवर चालू ठेवला. काटा जेमतेम सातावर आला. बाकीची खरखर शेजारपाजारच्या चार्जरांची आणि लिफ्टची. नळी तीच गोळा करत होती आणि आम्ही तिला भुंग्या समजत होतो.

आम्ही गच्चीवर धावलो. मी ओले कपडे जमिनीवर टाकले, ह्यांनी तारेची टोकं पिळून जोडली आणि ती ताणायला टाकीवर चढले. खाली येऊन खटका फिरवला. काटा एकावर पडला. खोली शांत झाली. मग काटा हळूहळू पाचावर चढला.

"दाजी... ताई... ऐकताय ना?" आवाज स्वच्छ होता, पण किती खोल गेलेला! "काल होडी पाठवा म्हटलं, तुम्ही ठीक आहे म्हणालात. दिवसभर धक्क्यावर वाट बघत पडलो होतो. आत्ता रांगत वर आलोय. होडी निघाली होती ना?"

ह्यांनी फोन उचलला. मी तो ओढून घेतला आणि बंदराचा नंबर लावला. मागे भुंग्या पुन्हा पुन्हा तेच विचारत होता, आणि हे माइक उचलून पुन्हा खाली ठेवत होते.