चौदा नंबरचा जोड

या, असे जवळ सरका. शेगडीपाशी जागा आहे आणि कॉफीही अजून गरम आहे. एक गोष्ट सांगतो. ऐकून तुम्ही मला नावं ठेवाल, आणि ठेवायलाच हवीत. पण उठून जाऊ नका, कारण गोष्ट माझी कमी आणि आर्विड ओयालाची जास्त आहे.

आर्विडने आणि मी उत्तर मिनेसोटातल्या एकाच कारखान्यात तीस वर्षं काढली. तिथे 'हाल्ला' नावाच्या स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाड्या, बनतात. तो इंजिनवर, मी चासीवर. पुढच्या दोन स्की, मागचा पट्टा, मधलं इंजिन, हे सगळं एकत्र धरून ठेवणारा सांगाडा आम्ही वेल्डर लोक जोडायचो. जोड पुरा झाला की ज्याचा त्याने आपला नंबर ठोकायचा. माझा नंबर चौदा. आता सांगायला लाज वाटते, पण त्या आकड्याचा मला फार ताठा होता.

या गोष्टीच्या सहा वर्षं आधी आमच्या मालकांनी समुद्रापलीकडच्या एका कंपनीशी हातमिळवणी केली. इंजिन त्यांचं, चासी आमची. इंजिनं खोक्यातून येऊ लागली आणि आर्विडच्या विभागाला कुलूप लागलं. त्याला गोदामात सुटे भाग मोजायला बसवलं. तो कधी तक्रार करत नसे. फक्त नव्या इंजिनाचा विषय निघाला की त्याला राहवत नसे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी असंच झालं. आम्ही सात-आठ जण आपापल्या गाड्या घेऊन फिरायला निघालो होतो आणि सरोवरापलीकडच्या लाकडी झोपडीत जेवायला थांबलो होतो. आम्ही सगळे फिनलंडहून आलेल्यांची नातवंडं, एकाच प्रार्थनाघरातले. बिअर आमच्यात चालत नाही, त्यामुळे भांडायची नशा तेवढी आम्हाला पुरते. आर्विडच्या बायकोने, एल्माने, वेलदोड्याचा वेणीचा पाव दिला होता. तो तोडता तोडता आर्विड म्हणाला, "टू-स्ट्रोक इंजिन होतं तेव्हा गाडीचं नाक हलकं होतं. या फोर-स्ट्रोकने पुढे तीस किलो वाढवलेत. लग्न जमवलं खरं, पण मुलीच्या खांद्यात जोर किती, हे कुणी पाहिलं का?"

"मुलगी म्हणजे आमची चासी का रे?" मी विचारलं.

"मग कोण? हलक्या इंजिनासाठी काढलेला नकाशा. त्यावर हा बैल बसवला. पुढचा जोड एक दिवस बोलणार बघ."

डेल रौतिओ हसला. या डेलला कुणाची बाजू नसते, त्याला आग हवी असते. "वर्नर, ऐकलंस का? तुझा चौदा नंबर बोलणार म्हणतोय. काय बोलेल रे, फिनिश की इंग्रजी?"

सगळे हसले. मला ते झोंबलं. मी म्हणालो, "इंजिन काय, पैसे टाकले की कुठूनही येतं. चासी गावातच व्हावी लागते. म्हणून माझा विभाग चालू आहे आणि तुझ्या दाराला कुलूप आहे. तुझी इंजिनं धूर ओकायची, आर्विड. सरोवरावर माणूस दिसायच्या आधी त्याचा वास यायचा! माझ्या हाताचा एक जोड फाटलेला दाखव, मी पुन्हा वेल्डिंगचा टॉर्च धरणार नाही."

झोपडी दणाणली. आर्विडही हसला, पण त्याने पाव खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

निघायच्या आधी आम्ही गाड्यांखालचा बर्फ ठोकून काढतो. न काढला तर तो गोठतो आणि स्की वळत नाही. एकमेकांच्या गाडीचा काढायची आमच्यात रीत आहे. आर्विड आत हातमोजे शोधत होता, म्हणून मी त्याच्या नव्या इंजिनाच्या गाडीपुढे गुडघे टेकले. लाकडी हातोडीने दोनदा ठोकलं. डाव्या स्कीचा दांडा जिथे सांगाड्याला मिळतो तिथून बर्फाचा गोळा सुटला, आणि मला भेग दिसली.

करंगळीच्या नखाएवढी. केसासारखी बारीक, कडेला थोडा गंज. म्हणजे आजची नव्हे. आणि तिच्या शेजारी ठोकलेला आकडा: चौदा.

अशा भेगेचा अर्थ मला तरी कुणी समजावायची गरज नव्हती. गाडी तिथेच ठेवायची, माणसाला मागे बसवून न्यायचं, गाडी दुसऱ्या दिवशी ओढून आणायची. एवढंच. तोंडातून एक वाक्य काढायचं होतं. पण मागे डेल उभा होता, अजून हसत होता, आणि माझ्या कानात माझंच बोलणं घुमत होतं. मला वाटलं, वीस मैलांचा तर रस्ता. सोमवारी गुपचूप त्याची गाडी आणतो आणि जोड पक्का करतो, कुणाला कळायचं नाही. मी मूठभर ओला बर्फ घेतला आणि त्या भेगेवर थापला. हो, थापला. नुसता गप्प बसलो असतो तर ती एक चूक झाली असती.

आर्विड बाहेर आला. "काढलास का बर्फ? देव तुझं भलं करो," म्हणाला आणि गाडीवर बसला.

किनाऱ्यापाशी बर्फाचा एक कडक उंचवटा होता. माझी गाडी त्याच्या मागेच होती. डावी स्की आत दुमडताना मी पाहिली. गाडी उलटली आणि आर्विडच्या गुडघ्यावर पडली. तो ओरडला नाही. "एल्माला हळू सांगा," एवढंच म्हणाला.

डॉक्टरांनी पायात पट्ट्या आणि स्क्रू घातले. गाडीचं पुढचं सगळंच मोडलं होतं, त्यामुळे आधी काय तुटलं हे कुणी विचारलं नाही. मी हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा आर्विड म्हणाला, "माझंच चुकलं रे. उंचवटा दिसला नाही. तुझी चासी बिचारी काय करणार?" एल्माने मला कॉफी दिली. मी ती प्यालो. पुढचे पाच आठवडे मी दर बुधवारी जात होतो. त्यांच्या दारातला बर्फ उपसत होतो, लाकडं फोडून देत होतो, आणि ती माउली शेजारणींना सांगत होती, "सख्खा भाऊ करणार नाही एवढं वर्नर करतो." तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटे. तरी मी बोललो नाही.

आता त्यानंतरच्या रविवारचं सांगतो. आमच्याकडे पगारी पाद्री नसतो. सुलो मट्टिला नावाचा म्हातारा शेतकरी प्रवचन करतो. सुरुवात अगदी साधी, गाईगुरांची चौकशी करावी तशी. मग एखाद्या शब्दावर त्याचा आवाज रेंगाळतो, वर चढतो, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळत नाही. मी लहानपणापासून त्या गाण्यावर जगलो आहे. आठवडाभर पोट भरायचं ते त्याने. पण त्या रविवारी सुलो हरवलेल्या मेंढराचं गात होता, सगळे डोळे पुसत होते, आणि माझ्या कानावर नुसता आवाज पडत होता. भजनं सुरू करून द्यायचं काम माझं. त्या दिवशी माझा सूरच लागला नाही. दुसऱ्या कुणीतरी उचलला.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, आधी आमच्यात माणसं जागेवरून उठतात. ज्याच्याशी काही बिनसलं असेल त्याच्याकडे जायचं, क्षमा मागायची. समोरच्याने त्याच्या गळ्यात हात टाकून म्हणायचं, येशूच्या नावाने आणि रक्ताने तुझ्या सगळ्या पापांची क्षमा झाली आहे, विश्वास ठेव. मी बाकाला चिकटून बसलो होतो. आणि कुबड्यांचा आवाज आला.

आर्विड माझ्यापुढे उभा होता. डोळे भरलेले. म्हणाला, "वर्नर, मला क्षमा कर. माझं दार बंद झालं आणि तुझं चालू राहिलं, म्हणून सहा वर्षं माझ्या पोटात तुझ्याबद्दल वाईट होतं. तुझा जोड फाटावा असं मला मनातून वाटायचं. त्या दिवशी झोपडीत मी ते बोललो, आणि देवाने मलाच पाडलं."

आणि मी काय केलं? मी उभा राहिलो, त्याच्या गळ्यात हात टाकला, आणि ते पवित्र शब्द उच्चारले. ज्याचा पाय मी मोडला त्याला मी क्षमा केली! आयुष्यात मी खोटं बोललो असेन, पण इतकं खरं वाक्य इतक्या घाणेरड्या तोंडाने कधी बोललो नव्हतो. तो हलका होऊन रडू लागला. ते मात्र मला सोसवलं नाही.

"आर्विड," मी म्हणालो, "जोड फाटलाच होता. तू म्हणालास तसाच. मी पाहिलं होतं."

"कधी?"

"बर्फ ठोकताना."

"थांब. मला बसू दे." तो बाकावर बसला. आजूबाजूची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती, आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. "केवढी होती?"

"नखाएवढी."

"दिसणारी?"

"मी बर्फ लावला त्यावर."

एल्मा आमच्या मागेच होती. तिने ऐकलं. ती दोन बाकं मागे सरकून बसली.

मग आर्विडने ते शब्द म्हटले. येशूच्या नावाने आणि रक्ताने, सगळे, एकही न गाळता. आवाज कोरडा होता. हात कुबडीवरून उचलला नाही. मी ते शब्द घेतले, कारण ते त्याचे नव्हेत, देवाचे आहेत. हात मागायचा हक्क मला नव्हता.

सोमवारी मी कारखान्यात जाऊन सगळं सांगितलं आणि टॉर्च ठेवून दिला. तपासणी झाली तेव्हा नव्या इंजिनाच्या वजनाखाली आणखी अकरा गाड्यांचे पुढचे जोड चिरलेले निघाले. तीन माझ्या हातचे, आठ इतरांचे. नकाशा बदलला, पुढचा सांगाडा जाड झाला. आता झोपडीत लोक नव्या चासीचं कौतुक करतात, इंजिन आणि सांगाडा कसे एकमेकांसाठीच घडवल्यासारखे वाटतात म्हणतात. हे सगळ्यांच्या आधी कुणी सांगितलं होतं, आणि तेव्हा आपण सगळे किती हसलो होतो, हे कुणी काढत नाही.

आर्विडचा गुडघा वाकत नाही. तो पुन्हा गाडीवर बसला नाही. रविवारी भेटला की "देवाची शांती" म्हणतो, मीही म्हणतो, आणि तो पुढे जातो.

तर बाबांनो, प्रार्थनेला बसाल तेव्हा माझं नाव घेतलं नाहीत तरी चालेल. आर्विड ओयालाचं घ्या. खरं बोलला आणि वर त्याचीच क्षमा मागितली, असा माणूस आमच्या गावात होऊन गेला असं नव्हे, तो अजून आहे. त्याची आठवण ठेवा.