खुर्चीवाली आणि जिन्यावाली

मामाने नव्या बँडचा अल्बम तीन मिनिटांत निकालात काढला.

"नक्कल आहे," तो म्हणाला, "आणि तीही आळशी माणसानं केलेली."

भाची हिरमुसली. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून ती दमली होती, तरी अर्धं शहर ओलांडून ही रेकॉर्ड खास त्याच्यासाठी घेऊन आली होती. लहानपणी ती घरभर गोल गोल फिरायची म्हणून मामाने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. आता ती चौतीस वर्षांची होती, स्वतःच्या घरात राहत होती, पण मामाच्या तोंडी नाव तेच.

तसा मामाचा संशय अगदीच हवेतला नव्हता. तो विशीत असताना एक रेकॉर्ड आली होती. वेष्टनावर रिकाम्या खोलीतली एकच खुर्ची, म्हणून घरात तिला सगळे खुर्चीवाली म्हणायचे. त्या बँडमधला एक गिटारवाला अचानक गेला, आणि उरलेल्या चौघांनी एका ओसाड घरात स्वतःला कोंडून घेऊन तीन आठवड्यांत नऊ गाणी रेकॉर्ड केली. नव्या बँडची कथाही तीच. मित्र गेला, मागे चौघं उरले, रिकामं घर, नऊ गाणी. वेष्टनावर खुर्चीऐवजी जिना. पहिल्या गाण्याआधी दार उघडल्याचा आवाजसुद्धा दोन्हींकडे होता.

"खुर्ची उचलली आणि जिना ठेवला," मामा म्हणाला. "झाला अल्बम."

"ही पोरं जन्मलीही नव्हती तेव्हा, मामा."

"म्हणूनच तर नक्कल करायला मोकळी!"

शेवटी ठरलं असं, की दर शनिवारी दुपारी एकच गाणं घ्यायचं. आधी खुर्चीवालीतलं, मग जिन्यावालीतलं त्याच क्रमांकाचं. ऐकून झाल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही.

या दोघांची अशी बैठक नवीन नव्हती. भिंगरी नऊ वर्षांची असताना तिची आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, वारली आणि मामा तिला आपल्या घरी घेऊन आला. पहिला आठवडा पोरगी एक अक्षर बोलली नाही. मामाला दातांच्या कवळ्या करता येत होत्या, लहान मुलीशी काय बोलायचं ते येत नव्हतं. शेवटी त्याने तिला रेकॉर्ड प्लेअरसमोर बसवलं आणि म्हणाला, "सगळं एकदम ऐकायला जाऊ नकोस. आज फक्त ड्रम ऐक." दुसऱ्या दिवशी फक्त बेस. तिसऱ्या दिवशी फक्त आवाज. पाचव्या दिवशी तिने विचारलं, "हा माणूस मधेच का थांबला?" त्या घरातलं तिचं ते पहिलं वाक्य. मामी स्वयंपाकघरातून धावत आली होती.

ड्रमपासून सुरुवात करायचं कारण होतं. तरुणपणी मामा स्वतः एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. जुने मित्र त्याला अजून ठोक्या म्हणत. बँड फुटला, ड्रम गेले, आणि घराच्या मागच्या खोलीत कवळ्यांचं वर्कशॉप आलं. तिथे मेणाचे साचे, प्लास्टर, छटेप्रमाणे डब्यांत लावलेले दात आणि पस्तीस वर्षं अखंड किंचाळणारं घासायचं यंत्र. भिंतीवर खिळ्याला त्याची एक पितळी झांज तेवढी टांगलेली होती.

पहिले पाच शनिवार मजेत गेले. मामाने दुसऱ्या गाण्याला बरं म्हटलं, चौथ्यातल्या गायकाला "पोरगा मनापासून रडतोय" असं प्रशस्तिपत्रक दिलं. पण एक तक्रार मात्र दर वेळी ठरलेली.

"हा ड्रमवाला झांजांना हातच लावत नाही गं. खुर्चीवालीत बघ, कशी चकाकी आहे! याचं सगळं धबधब, धबधब. पावसात भिजलेली गादी झोडपल्यासारखं."

भिंगरीला नवल वाटायचं. तिला तर जिन्यावालीत झांजा भरपूर ऐकू यायच्या. पण ड्रममधलं मामाला जास्त कळतं, असं म्हणून ती गप्प राहायची.

सहाव्या शनिवारी खरं कारण उघडं पडलं. जिन्यावालीतलं सहावं गाणं सुरू होतं तेच नुसत्या झांजांनी. अर्धा मिनिट दुसरं काही नाही, फक्त झांजेच्या कडेवर हलक्या काठीचं कुजबुजणं. भिंगरीने सुई ठेवली आणि डोळे मिटले.

"अगं, लाव ना," मामा म्हणाला.

तिने डोळे उघडले. रेकॉर्ड फिरत होती. झांजा खोलीभर पसरल्या होत्या. मामा दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून गाणं सुरू व्हायची वाट बघत होता.

थोड्या वेळापूर्वी खुर्चीवालीतल्या सहाव्या गाण्यावर याच माणसाची बोटं झांजेच्या एकेका ठोक्याबरोबर गुडघ्यावर नाचत होती. एकही ठोका चुकला नव्हता. म्हणजे त्या झांजा तो कानांनी ऐकतच नव्हता. चाळीस वर्षांच्या सवयीने त्या आतूनच वाजत होत्या.

खात्री करण्यासाठी तिने एक लबाडी केली. "जुनं पुन्हा एकदा ऐकू या का?" म्हणत खुर्चीवाली लावली आणि मामाची नजर चुकवून ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं, बटण पार शून्यावर आणलं. खोलीतल्या झांजा विझल्या. मामाची बोटं मात्र तशीच नाचत राहिली.

"बघ," तो खुशीत म्हणाला, "याला म्हणतात चकाकी!"

भिंगरी पाणी पिण्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मामी कणीक मळत होती. तिने भाचीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कळलं वाटतं तुला."

"तुला माहीत होतं?"

"चार वर्षं झाली. मी विचारते, चहा घेणार का? हे म्हणतात, हो, बुधवारी." मामी हसली, पण हात थांबले होते. "त्यांना सांगायला गेलं की म्हणतात, हल्ली सगळेच पुटपुटतात. मग मीही सोडून दिलं. तेवढ्या मोठ्यानं बोलून बोलून माझाच घसा बसतो."

भिंगरीने बाहेर जाऊन सांगून टाकलं. बटणाचंही सांगितलं. रोज दुकानात ती लोकांना म्हणायची, "नंबर वाढलाय काका, चष्मा बदलू या," आणि कुणाला वाईट वाटायचं नाही. इथे मात्र शब्द तोंडात घोटाळत राहिले.

मामा आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला, आणि मग तो चिडला. "माझी परीक्षा घेतलीस? माझ्याच घरात, माझ्याच रेकॉर्डवर?" तो उठून वर्कशॉपमध्ये गेला आणि त्याने घासायचं यंत्र सुरू केलं. शनिवारी तो कधीच काम करत नसे.

आठवडाभर त्याने फोन उचलला नाही. पुढच्या शनिवारी ती गेली तेव्हा बैठकीच्या खोलीत कुणी नव्हतं. मामीने मान हलवून मागची खोली दाखवली.

मामा स्टुलावर बसला होता. भिंतीवरची झांज खाली उतरवून त्याने ती एका दोरीला अडकवली होती. हातात मेण कोरायची बारीक पळी होती.

"ये," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "माझ्या पाठीमागे उभी राहा. वाजव."

तिने त्याच्या हातातली पळी घेतली आणि दांड्याने झांज हलकेच वाजवली. सूर निघाला आणि लांबत गेला.

"वाजवलीस?"

"हो."

"ठोका कळतो. टक्क एवढंच. पुढे काही नाही." तो वळून तिच्याकडे तोंड करून बसला. "पुन्हा वाजव. आणि ती थांबली की मला सांग."

तिने वाजवली. झांज थरथरत राहिली. मामा झांजेकडे बघतच नव्हता, तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. कुणाच्या तरी खिडकीतून आत डोकावावं तसा.

"अजून?"

"अजून."

"अजून वाजतेय?"

"हो. अगदी बारीक झालीय आता."

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "थांबली."

"एवढी लांब जाते होय," मामा म्हणाला. "विसरलोच होतो." मग त्याने डोळे पुसले, नेहमीसारखं मनगटानेच, कारण बोटांना प्लास्टर होतं. "कुठे जायचं ते सांग. येतो मी."

कान तपासणाऱ्या बाईंनी मामाला काचेच्या खोलीत बसवलं, आलेख काढला आणि सांगितलं की खालचे सूर शाबूत आहेत, वरचे गेलेत. तरुणपणीचे ड्रम आणि नंतरचं यंत्र, दोघांनी मिळून हे काम केलंय. गेलेलं परत येणार नाही, पण कानाला यंत्र लावून बरंच काही ऐकता येईल. पंधरा दिवसांनी त्यांनी मामाच्या दोन्ही कानांमागे भुईमुगाच्या शेंगेएवढी यंत्रं बसवली. मामा खुर्चीत ताठ बसला होता, टोचून घ्यायला आल्यासारखा.

"हं, बोला कुणीतरी," बाई म्हणाल्या.

"काय बोलू?" भिंगरी म्हणाली. "साडेसहा वाजलेत. सकाळपासून मी सारखी सगळ्यांना हेच सांगतेय, की—"

मामाने हात वर केला. "परत म्हण."

"काय?"

"साडेसहा."

"साडेसहा."

मामा तिच्याकडे बघत राहिला. "तुझा स," तो म्हणाला. "शीळ घातल्यासारखा निघतो. ताईचा असाच निघायचा. लहानपणी आम्ही तिला चिडवायचो." त्याने जरा श्वास घेतला. "तुझाही आहे, हे मला माहीतच नव्हतं गं. का माहीत होतं आणि ऐकू येईनासं झालं, कोण जाणे."

भिंगरीला जे सुचलं त्यात नेमका स होता, म्हणून ती ते तीन वेळा बोलली.

पहिले काही दिवस घरात गोंधळ उडाला. वर्तमानपत्राच्या घडीचा आवाज ऐकून मामा दचकायचा, नळ सुटला की ओरडायचा. वर्कशॉपमधलं घासायचं यंत्र सुरू केलं तेव्हा तर तो अक्षरशः खोलीबाहेर पळाला. मामी म्हणाली, "आता मी पाठीमागे काय काय बोलते ते सगळं ऐकू येणार म्हणजे. पंचाइतच झाली." त्यावर स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाकडून मामा म्हणाला, "येतंय," आणि दोघंही बराच वेळ हसली.

गाणी मात्र सुरुवातीला पत्र्याच्या डब्यात घातल्यासारखी वाजायची. कान तपासणाऱ्या बाईंनी संगीतासाठी वेगळी जुळवणी करून दिली, तेव्हा कुठे शनिवारची बैठक पुन्हा भरली. मामानेच सांगितलं, पहिल्यापासून ऐकू या.

खुर्चीवालीतल्या चौथ्या गाण्यात तो एकदम पुढे झुकला. "थांब. सुई मागे घे." पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे. "अगं, हा चुकलाय!"

"कोण?"

"खुर्चीवालीचा ड्रमवाला! झांज उशिरा पडलीय. माझ्या डोक्यात ती बरोबर जागी पडते. इतकी वर्षं मीच त्याची चूक दुरुस्त करून ऐकत होतो की काय?"

त्याला हे दुखेल असं भिंगरीला वाटलं. पण तो हसत होता, जुना मित्र रस्त्यात भेटावा तसा. "मित्र गेला होता त्याचा," तो म्हणाला. "हात उशिराच पडणार. हे असंच बरं आहे."

मग जिन्यावालीतलं सहावं गाणं लागलं. मामाने यंत्रांवरून बोट फिरवलं आणि मान खाली घातली. झांजेच्या कडेवरची काठी कुजबुजू लागली. अर्धं मिनिट तो हलला नाही. त्याची बोटंही नाचली नाहीत, कारण पुढचा ठोका कुठे पडणार हे त्याला ठाऊक नव्हतं. तो फक्त ऐकत होता.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, "नक्कल नाही. मी चुकलो. दोघांचंही माणूस गेलं, दोघंही रिकाम्या घरात जाऊन बसले. आवाज सारखा येणारच. पण खुर्चीवालीचा पोरगा झांज मारतो ते राग काढायला. हा वाजवतो ते शेजारी कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही, अशा बेतानं." मग त्याने विचारलं, "किती वर्षांचा आहे गं हा?"

भिंगरीने वेष्टनाच्या आतला कागद पाहिला. "सव्वीस."

"यांना पत्र पाठवता येतं का?"

"फोनवरून निरोप पाठवता येतो. वाचतील की नाही, काय माहीत."

"लिही तर खरं," मामा म्हणाला, आणि ती लिहू लागली तसा सांगू लागला. "म्हणावं, सहावं गाणं फार सुंदर आहे. आणि म्हणावं, बाळा, वाजवताना कानात बोळे घालत जा."