बाबांचं बाकडं

आमच्या गल्लीत एके काळी रंध्याच्या आवाजाने सकाळ व्हायची. दाराशी भुशाचे ढीग, उन्हात ताज्या पॉलिशच्या खुर्च्या, आणि आत ठाकठूक. लांबलांबच्या गावची लग्नं आमच्या पलंगांवाचून अडून राहत, असं बाबा सांगायचे. बाबांच्या सांगण्यात थोडी फोडणी असायचीच, पण गल्ली गजबजलेली होती हे खरं. मग खोक्यातून आणून घरी जुळवायचं फर्निचर आलं आणि एकेका कारखान्याचं शटर खाली आलं. शेवटी उरला बाबांचा कारखाना. बाबा गेले आणि तोही बंद पडला.

तिथेच गल्लीच्या कामाचं संग्रहालय करायचं, हे खूळ माझं. मी शाळेत इतिहास शिकवला. परक्या राजांच्या सनावळ्या पोरांकडून घोकून घेतल्या, आणि इकडे आपल्याच दारातला इतिहास लोक भंगारवाल्याला देत होते. निवृत्त झाल्यावर मी घरोघर हिंडून करवती, पटाश्या, नमुन्याच्या खुर्च्या गोळा केल्या. पण माझा जीव अडकला होता बाबांच्या कामाच्या बाकड्यात. बाबा जन्मभर त्यापाशी उभे राहिले. त्यावर करवतीचे चरे होते, सरसाचे वाळलेले ओघळ होते, पेन्सिलीने टिपलेली मापं होती, आणि एका कोपऱ्यात बाबांनी हात धरून गिरवून घेतलेली माझी पहिली अक्षरं. फोटो म्हणाल तर बाबांचा एकच, लग्नातला, आणि त्यात ते चोरी पकडल्यासारखे उभे आहेत. माझे बाबा मला त्या बाकड्यावरच भेटायचे.

उद्घाटनाआधी मला बहिणीकडे जावं लागलं. बाकडं आत शिरताच दिसेल असं मांडून ठेवण्याचं काम मी काकांवर सोपवलं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. मदतीला गल्लीतले एक जुने पॉलिशवाले होते. त्यांना सगळी गल्ली ‘आरसा’ म्हणते.

परत आले तेव्हा दोघंही दारात नवरदेवासारखे उभे होते.

“ढलपे, डोळे मीट आणि ये आत,” काका म्हणाले. लहानपणी मी कारखान्यात लाकडाच्या ढलप्यांत खेळायचे, तेव्हापासून मी ढलपी.

डोळे उघडले तर बाकडं लखलखत होतं.

“तोंड दिसतं की नाही बघ,” आरसा म्हणाले. दिसत होतं. माझंच, आ वासलेलं.

“काका, हे काय केलंत?”

“काय म्हणजे? रंधा मारला, घासलं, ह्याने पॉलिश केलं. चार लोक बघायला येणार. कळकट ठेवलं असतं तर नावं कोणाला ठेवली असती? दादालाच ना?”

“आणि बाबांचे चरे? मापं? माझी अक्षरं?”

“सगळं गेलं!” काका खुशीत म्हणाले. “चरे फार खोल होते गं. घाम काढला त्यांनी आमचा.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पॉलिशचा शेवटचा हात फिरवल्याशिवाय वस्तू लोकांसमोर आणायची नाही, हा आमच्या गल्लीचा नेम. मला तो माहीत होता, तरी मी बाकडं ह्या दोघांच्या ताब्यात देऊन गेले होते.

“बाबांनाच तासून काढलंत तुम्ही,” मी ओरडले, आणि तिथेच खुर्चीत बसून हमसून हमसून रडले. आरसा चपला घालून हळूच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर काका करवत घेऊन बाकड्यापाशी उभे होते.

“इथे होता बघ एक चरा,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले. “तुझ्या कपाटाची फळी कापताना पडला. तू मधेच हात घातलास, दादा दचकला. आणि हा इकडे, आमचं दोघांचं वाजलं त्या दिवशीचा. दिवसभर बोलला नाही माझ्याशी.”

त्यांनी नेमक्या जागी करवतीचे दात टेकवले. मी बघत होते. करवत हलेना.

“चुकून पडतात गं ते,” काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “मुद्दाम कसा पाडू?”

माझा राग तिथेच गळून पडला. काकांचाही दादा त्या बाकड्यावर होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“नका पाडू,” मी म्हणाले. “रोज या आणि इथेच काम करा. लोक बघतील. कधीतरी चुकालच.”

“मी?” काका दुखावल्या सुरात म्हणाले.

तेव्हापासून ते येतात. छोटी स्टुलं करतात. बघायला आलेल्यांना गुळगुळीत लाकडावर बोट ठेवून सांगतात, हा चरा अमक्या पलंगाचा, तो तमक्या पाळण्याचा. लोकही वाकून बघतात आणि दिसल्यासारखी मान डोलावतात.

सुरुवातीला काका घरी गेले की मी बाकड्यावरून हात फिरवून बघायचे. साधा ओरखडा नाही. म्हातारा हट्टाला पेटला होता.

परवा फळी कापताना त्यांचा हात थरथरला. करवत घसरली आणि बाकड्यापासून केसभर अंतरावर थांबली. काकांनी चटकन माझ्याकडे बघितलं, मी पाहिलं का म्हणून.

मी पाहिलं नाही असं दाखवलं. “द्या, मी धरते दुसरं टोक,” म्हणत पुढे झाले, आणि बाकडं असंच कोरं राहू दे, असं मनाशी म्हणत फळी घट्ट धरून उभी राहिले.