माझ्यातून निसटलेला गोल

मी फुटबॉलच्या गोलाची जाळी बोलतेय. तोंड वर करून बोलायला मला जागा राहिलेली नाही. पण माझ्या क्लबबद्दल लोक भलतंसलतं बोलतात, म्हणून खरं काय ते एकदा सांगून टाकते.

माझा जन्म दोरखंडाच्या कारखान्यातला. तिथले कामगार जेवणाच्या सुट्टीत सुतळीच्या टाकाऊ तुकड्यांचा गोळा करून लाथाडायचे. मुकादम रागवायला म्हणून बाहेर आले आणि स्वतःच एक गोल मारून आत गेले. दुसऱ्या दिवशी क्लब निघाला! कुणीतरी जाळी विकत आणायची गोष्ट काढली, तेव्हा मुकादम कडाडले, "दोर वळणारी माणसं आपण, आणि जाळी बाजारातून आणायची? लोक तोंडात शेण घालतील." मग अकरा जणांनी मिळून मला विणलं.

तेव्हापासूनचा शिरस्ता असा, की सीझन सुरू होण्याआधी झिजलेल्या ओळी सोडायच्या आणि प्रत्येकाने आपली एक ओळ नव्याने विणायची. दुसऱ्याच्या ओळीतली गाठ मात्र ओढून बघायची नाही. कारखान्यात तो अपमान समजत.

माझा लौकिक मोठा होता. क्लबचं नशीब मात्र फुटकं. छत्तीस वर्षं लीगचा कप हाती लागेना. सात वेळा आम्ही दुसरे आलो. एकदा तर शेवटच्या मॅचला आमच्याच बॅकने आमच्यावर गोल मारला, तोही असा सुरेख की समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या. बाजारात आमची माणसं दिसली की दुकानदार विचारायचे, "काय, यंदा तरी?" मुकादमांच्या मिशा पिकल्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. "एकदा जिंकू, मग मी डोळे मिटायला मोकळा," एवढंच त्यांचं पालुपद.

त्यांचा जावईच आमचा गोलकीपर. सासऱ्याच्या क्लबात गोल खायचा म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. बिचाऱ्याला हरल्या दिवशी घरी जेवण गोड लागायचं नाही.

त्या वर्षी मुकादमांनी हट्टाने आपली ओळ स्वतःच विणली. डाव्या खांबाजवळची, खालची. त्यांची बोटं थरथरत होती. गाठी सैल बसल्या, हे मला अंगावर कळत होतं. जावई शेजारीच होता. त्यालाही दिसलं. पण सासऱ्याची गाठ तो कसा ओढणार? तो आपली ओळ विणत राहिला.

शेवटची मॅच. आम्ही एका गोलने पुढे. बरोबरी झाली असती तर कप समोरच्यांचा. पाच मिनिटं उरली असताना त्यांच्या एका लुकड्या पोराने डाव्या कोपऱ्यात खालून चेंडू मारला. चेंडू खांबाच्या आतून आला आणि नेमका मुकादमांच्या ओळीवर आदळला. गाठ सुटली. मी जागची हललेसुद्धा नाही, चेंडू आरपार मागे.

रेफरी लांब होता. त्याने धावत येऊन गोलकीपरला विचारलं, "आत होता का?"

जावयाने बाजूला खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं. मग माझ्या भोकाला पाठ लावून तो म्हणाला, "बाहेरून गेला."

गोल मिळाला नाही. आम्ही जिंकलो. आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. आज ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तिकडे पोरं कप घेऊन नाचत होती. मुकादम मात्र नेहमीसारखे मला उतरवायला आले. मला घडी घालायचं काम ते कुणाला देत नसत. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटं माझ्यावरून फिरत होती. मी अंग चोरलं, सुरकुत्या पाडून बघितल्या. व्हायचं तेच झालं. बोटं भोकापाशी थांबली.

"जावईबापू, चेंडू इथून गेला?"

"जाऊ द्या ना, बाबा. छत्तीस वर्षं..."

"मी काय विचारलं?"

"हो. इथूनच गेला."

"गाठ सैल होती, हे माहीत होतं तुम्हाला?"

"होतं. पण तुमची गाठ... माझी जीभच रेटली नाही."

मुकादमांनी सुटलेल्या गाठीची टोकं चाचपली. मग म्हणाले, "तो कप आणा इकडे, आणि मला हात द्या. त्यांची बस सुटायच्या आत जाऊ."

क्लबातले निम्मे लोक आडवे आले. "म्हातारचळ लागलाय!" असं एकाने तोंडावर सुनावलं. जावई रडत होता, तरी वाट मोकळी करत पुढे झाला. बसपाशी जाऊन त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "मी खोटं बोललो." त्यांच्या कॅप्टनने कप घेतला आणि मान खाली घातली.

त्याला आता तीन वर्षं झाली. क्लब अजून जिंकलेला नाही. गोलाला विकतची नायलॉनची जाळी लागली, आणि मी क्लबच्या खोलीच्या कोपऱ्यात गुंडाळून पडलेय. मला जाळा, फेका, काहीही करा, माझी तक्रार नाही. फक्त त्या जावयाला आता बोल लावू नका. जन्मभराची बोलणी त्याने खाल्लीत.

मुकादम त्याच हिवाळ्यात गेले. कप बघायचं त्यांच्या नशिबात नव्हतं, म्हणतात लोक. नसेल. पण मैदानापासून बसपर्यंत साठ-सत्तर पावलं असतील. तेवढी वाट तो कप त्यांनी दुसऱ्या कुणाला धरू दिला नव्हता.